क्रॉनिक म्हणजे काय, आईने विचारलं

मंडळी, आज सकाळी आईला घेऊन मयूर विहारमधल्या डॉक्टरांकडे गेले होते. रिपोर्ट बघून ते म्हणाले, "किडनी की प्रॉब्लम क्रॉनिक है. रेग्युलर दिखाना पड़ेगा."

बाहेर येताच आईने माझा हात घट्ट धरला. "क्रॉनिक म्हणजे शेवटचंच का गं?"

"छे गं! सगळे उगाच तसं समजतात. क्रॉनिक म्हणजे भयंकर नव्हे. जे पटकन जात नाही, वर्षानुवर्षं सोबत राहतं, ते. आपण जुनाट खोकला म्हणतो ना, तसं."

यार, किती छान समजावलं मी, असं वाटलं मला. आई मात्र ई-रिक्षात घरापर्यंत 'वर्षानुवर्षं, वर्षानुवर्षं' असं पुटपुटत राहिली.

बाबा गेल्यावर ती अकोल्याहून माझ्याकडे आली, ती 'तब्येत सुधारली की परत जाईन' म्हणतच. लेकीच्या घरी आपण पाहुणेच, हे तिचं पक्कं. त्यामुळे इतके दिवस कपडे बॅगेतच. धुवायचे, घड्या करायच्या, परत बॅगेत. मी कपाट रिकामं करून दिलं होतं, त्यात तिने साधा रुमालही ठेवला नाही.

आत्ता ऑफिसमधून आले, तर रिकामी बॅग कॉटखाली सरकवलेली. कपाटात तिच्या साड्या नीट रचून ठेवलेल्या.

मला कधीपासून हेच हवं होतं. आणि आज ते कपाट उघडं ठेवून मी रडत बसलेय.

तुम्ही तिला काय अर्थ सांगितला असता?