लॉकवरचे सावकाश काका

आमच्या नदीवर बोटी फिरवणाऱ्या अमेरिकन लोकांना मराठीतला एकच शब्द यायचा, तो म्हणजे 'सावकाश'. बोट लॉकमध्ये शिरू लागली की भिंतीवरून एक सडपातळ, टोपीवाला म्हातारा दोन्ही हात खाली दाबल्यासारखे करत ओरडायचा, "सावकाश! सावकाश!" आणि बोटीतले लालबुंद चेहऱ्याचे काका-काकू हसत हसत परत ओरडायचे, "सावाकाश, मिस्टर सावाकाश!" त्यांचं खरं नाव ओहायोतल्या त्या नदीवर कुणालाच धड घेता येत नव्हतं. मला घेता यायचं, पण मीही त्यांना सावकाश काकाच म्हणत असे.

लॉक म्हणजे काय हे मलाही तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. नदीत बंधारा आहे, त्यामुळे वरचं पाणी आणि खालचं पाणी यांत दोन पुरुष उंचीचा फरक पडतो. बोटीला खाली जायचं तर बाजूच्या दगडी हौदात शिरायचं. मागचा दरवाजा लावायचा, हौदातलं पाणी हळूहळू सोडून द्यायचं, बोट पाण्याबरोबर खाली उतरते, मग पुढचा दरवाजा उघडायचा. आमच्याकडे हे सगळं अजून हाताने दांडे फिरवून चालतं. मालवाहू बोटी कधीच बंद झाल्या. आता येतात त्या फक्त हौशी. पगारी माणूस आठवड्यातून तीन दिवस असतो, शनिवार-रविवार स्वयंसेवकांच्या जिवावर. आणि नियम एकच, पण कडक: दोन माणसं हवीत. दोन भिंतींवर दोन. दुसरं माणूस नसेल तर लॉक उघडायचं नाही.

काका नागपूरचे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढलेली. पत्नी गेल्यावर मुलीकडे आले, ती आमच्या गावात फार्मसिस्ट होती. पहिल्या उन्हाळ्यात मुलीने नदी दाखवायला आणलं आणि काका लॉकपाशी जे उभे राहिले ते संध्याकाळपर्यंत हललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी लॉक चालवणाऱ्या पार्कच्या ऑफिसात जाऊन नाव घालून आले. "चौतीस वर्षं पाण्यासाठी भांडणारी माणसं पाहिली," ते मला म्हणाले होते. "पाळी चुकली की कुऱ्हाडी घेऊन यायचे. इथं लोक बियर पीत पीत पाण्यातून जाऊन राहिले. पाणी सोडल्यावर कुणी हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, बाप्पा."

मी तिथे का गेले, ते सांगायला लाज वाटते. ऑफिसात वार्षिक रिव्ह्यूच्या फॉर्मवर समाजसेवेचा एक रकाना होता, चाळीस तास भरले की बॉस खूश. वृद्धाश्रमात वास येतो, शाळेत पोरं डोकं खातात, त्यापेक्षा नदीकाठी उन्हात बसावं असा माझा सरळ विचार होता. लॉकच्या लाकडी केबिनमध्ये बाबासाहेबांचा छोटा फोटो लावलेला होता. तो पाहूनही मी काकांना पहिल्याच दिवशी पुण्यात शिकलेली आडवळणाची चौकशी केली: मूळ गाव कुठलं, नागपुरात कुठल्या भागात, लग्नं कुणाकडे होतात. त्यांनी तीन उत्तरं शांतपणे दिली आणि मग म्हणाले, "सरळ विचार ना. बौद्ध आहे मी. झालं समाधान?" आणि डबा उघडून पुढे केला. सातासमुद्रापार येऊनही माझी ही खोड गेलेली नव्हती. मी मान खाली घालून वांग्याची भाजी खाल्ली.

शिकवताना मात्र काकांना दया नव्हती. दांडा फिरवायचा तो पाठीने नाही, पायाने. भिंतीच्या कडेला चालायचं तर फोन खिशात. आणि बोटीवाल्यांना दर वेळी, शंभराव्यांदा आलेल्यालाही, सांगायचं: दोरी हातात धरा, बांधू नका. पाणी खाली जातं तशी दोरी सोडत जावी लागते. बांधली तर पाणी जातं आणि बोट भिंतीला लटकते. "शहाणा माणूसच गाठ मारतो," काका म्हणायचे. "अडाण्याला भीती वाटते म्हणून तो धरून राहतो." समोरच्या भिंतीवरच्या माणसाचं खरं काम हेच. बोटीच्या छतामुळे पलीकडची बाजू एकट्याला दिसत नाही.

ते माझ्या अर्धा तास आधी यायचे. मी दहा मिनिटं उशिरा पोचायचे. आम्हा देशी लोकांची एक कला आहे, सोफ्यावर बसून 'निघालेच' म्हणण्याची. तीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. शिवाय हजेरीचा तक्ता ऑनलाइन होता. मी महिन्याच्या सुरुवातीलाच चारही रविवारांवर हजर अशी खूण करून मोकळी व्हायचे. कोण बघतंय! काकांना ते ठाऊक होतं. एकदा फक्त म्हणाले, "आमच्या खात्यातही असंच चालायचं. पाणी सोडल्याची सही आधी, पाणी मागून." मी हसले. ते हसले नव्हते, हे मला आत्ता आठवतं.

त्या रविवारी कोलंबसला मैत्रिणीच्या मुलीचं बारसं होतं. काकांना आधी सांगितलं असतं तर त्यांनी दुसरं कुणी शोधलं असतं, नाहीतर लॉक बंद ठेवलं असतं. पण मग खूण पुसावी लागली असती, आणि माझे सहा तास गेले असते. साडेदहाला त्यांचा फोन आला, तेव्हा मी हातात सुंठवड्याची वाटी घेऊन उभी होते.

"कुठपर्यंत आली? तीन बोटी थांबून राहिल्या इथं."

"निघालेच आहे काका, ऑन द वे. वीस मिनिटांत पोचते."

"मग पहिली घेऊ का आत? तू येईपर्यंत हौद तयार होते."

"घ्या ना," मी म्हटलं, आणि पाळण्याची दोरी ओढायला गेले.

काकांनी माझ्या शब्दावर बोट आत घेतली. वीस मिनिटं थांबले, मग पंधरा मिनिटं आणखी. बोटीतले लोक उन्हात कंटाळले, बाकीचे भोंगे वाजवू लागले. मी येतेच आहे असं धरून त्यांनी पाणी सोडायला सुरुवात केली. समोरच्या भिंतीकडे बोटीतल्या एका बाईंनी दोरीला व्यवस्थित गाठ मारलेली होती. बोट एका बाजूने लटकली, कलंडली, त्या बाई घसरून रेलिंगवर आपटल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. काकांनी पाणी ताबडतोब बंद केलं म्हणून तेवढ्यावर निभावलं.

बुधवारी पार्कच्या ऑफिसात बैठक झाली. लिंडा नावाची आमची सुपरवायझर, वरून आलेला एक अधिकारी, काका आणि मी. टेबलावर तक्त्याचा कागद होता. त्यावर दोन नावं, दोन्हींपुढे हजर. अधिकाऱ्याने विचारलं, दुसरी व्यक्ती कुठे होती?

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. पण काकाच बोलले, त्यांच्या त्या सावकाश इंग्रजीत. "आय सेंट हर होम. हेडेक. माय डिसिजन."

लिंडाने माझ्याकडे पाहिलं. "इज दॅट राइट?"

मी होकारार्थी मान हलवली. तेवढंच केलं. एका मानेच्या हलण्यात एका माणसाची नदी गेली.

काकांनी लाइफ जॅकेट घडी करून टेबलावर ठेवलं, त्यावर केबिनची किल्ली ठेवली. पार्किंगमध्ये ते मला एवढंच म्हणाले, "जा घरी. ऊन लागेल." मी त्या मोसमातले उरलेले रविवार पूर्ण केले, चाळीस तास भरले, रिव्ह्यूत चांगला शेरा मिळवला आणि पुन्हा लॉककडे फिरकले नाही. काका रोज मॉलमध्ये चकरा मारतात, असं त्यांची मुलगी किराणा दुकानात भेटली तेव्हा म्हणाली. "बाबांना करमतच नाही गं," ती म्हणाली आणि मी कोथिंबीर निवडत राहिले. थंडीच्या आधी ते कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मुलाकडे राहायला गेले. निरोपाच्या जेवणाला मी श्रीखंड घेऊन गेले, पाया पडले, आणि सगळ्यांच्या आधी निघाले.

यंदा मे महिन्यात सगळ्या जुन्या स्वयंसेवकांना लिंडाची ईमेल आली. माणसं मिळत नाहीत, रविवारी लॉक बंद ठेवावं लागेल. मी ती तीनदा वाचली आणि शनिवारी ऑफिसात जाऊन तिच्यासमोर बसले. सगळं सांगितलं. बारसं, फोन, वीस मिनिटं, तक्ता. बोलताना मला रडू आलं, आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

लिंडाने ऐकून घेतलं. मग म्हणाली की ऑफिसात सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मनगट मोडलेल्या बाईंनी जबाबात सांगितलंच होतं की सकाळपासून एकटा म्हातारा होता. "बैठकीच्या दुसऱ्या दिवशी तो एकटाच पुन्हा आला होता," ती म्हणाली. "म्हणाला, मी चौऱ्याहत्तरचा आहे, माझं नाव काढलंत तर तुमचे दोन उन्हाळे जातील. ती चाळिशीची आहे, तिचं काढलंत तर वीस जातील. तिला ठेवा, तिला काम येतं."

मग तिने विचारलं, "आणि तू परत आलीच नाहीस. का?"

मी तिच्यासमोरच उद्याच्या तक्त्यात नाव घातलं. कारमध्ये बसून मी फ्रीमाँटला फोन लावला. काकांनी स्वतःच उचलला.

"काका, मला माफ करा. त्या दिवशी मी खोटं बोलले."

"फोनवर बोलली. बैठकीत खोटं मी बोललो," ते म्हणाले. "तू तर गप्प होती."

आवाजात राग नव्हता. त्यांनी माफ केलं असंही म्हटलं नाही, आणि मी पुन्हा मागितलं नाही. मग त्यांनी विचारलं, "उद्या कोण आहे तिथं?"

"मी नाव घातलंय."

"आणि दुसरं?"

मी तक्ता पाहिला. माझ्या खालचा रकाना कोरा होता.

"कुणी नाही."

"मग उघडू नको," काका म्हणाले, आणि फोन ठेवला.

रविवारी मी साडेआठलाच पोचले. दुपारपर्यंत सात बोटी आल्या. भोंगे वाजले, शिव्याही ऐकल्या, एकाने तर बायको आजारी असल्याचं सांगून पाहिलं. मी भिंतीवर उभी राहून प्रत्येक बोटीला तोंडाने सांगितलं की लॉक उघडता येणार नाही, दुसरं माणूस आलेलं नाही.