धाकट्या जावेला समुद्रावर नेलं त्याची गोष्ट

मैत्रिणींनो, काइटसर्फिंग शिकायला बरा किनारा आणि सोबत मी महिनाभर याच ग्रुपवर शोधत होते. पाण्यात भला मोठा पतंग धरायचा आणि त्याने आपल्याला ओढत न्यायचं, असा तो खेळ. उथळ पाण्याचा किनारा सुरतच्या पुढे सापडला. सोबत मात्र तुमच्यापैकी एकीनेही दिली नाही. शेवटी धाकट्या जावेला, पूनमला घेऊन आज पहाटे नंदुरबारहून गाडीत बसले.

संक्रांतीला आमच्या गच्चीवर पतंग मी उडवते. पूनम मागे मांज्याची आसारी धरून उभी असते. त्यामुळे आज कोण चमकणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

पतंगात वारा भरला आणि मी सवयीने जोरात खेच मारली. शिकवणारा ओरडला, "बेन, खींचो मत, छोडो!" तोवर मी तोंडावर आपटले होते. पुन्हा पुन्हा तेच.

पूनमला मात्र पतंगाने पाण्यातून अलगद लांबवर नेलं. किनाऱ्यावर टाळ्या! मी तिचा टॉवेल धरून उभी.

"मी काहीच नही करं ताई, निस्ती ढील दिधी," ती म्हणाली. "तुम्हीच ते दर संक्रांतले आरडतस ना, ढील दे म्हनीसन!"

परतताना तिने विचारलं, "पुढला रविवारले जाऊत ना?"

मी म्हटलं, "काही खास नही वं तो किनारा."

किनारा झकास आहे. येतंय का कुणी? एकच अट, जन्मात कधी आसारी धरलेली नसावी.