आधी उलटं फिरवायचं

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही गोष्ट सरळ सुरू केलेली नाही. हे मी मेव्हण्याच्या जळफळाटानं लिहीत नाही, आमची अक्काही हेच सांगेल, आणि तिचा तर त्यांच्याबरोबर उभा जन्म गेला. मोंढा नाक्याच्या पुढं दाजींचं इंजिन बांधायचं वर्कशॉप. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, जे येईल त्याचं इंजिन उतरवायचं, सगळं सुटं करायचं आणि पुन्हा बांधायचं. हा धंदा त्यांनी दोन बोटांवर केला, उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. ती दोन बोटं आता बधिर झाली आहेत, साखरेनं खाल्ली. म्हणून तर हे लिहायला बसलोय, नाहीतर त्यांच्यावर लिहायचं म्हणजे आधी त्यांच्याशी भांडण होणार.

त्यांचा एकच मंत्र होता. कोणताही बोल्ट भोकावर ठेवला की आधी उलटा फिरवायचा. फिरवता फिरवता एका जागी तो हलकासा खाली बसतो, 'टक्' असं बोटाला लागतं. तिथं बोल्टचा आटा भोकातल्या आट्यासमोर आला असं समजायचं, आणि मग सुलटा फिरवायचा, तोही नुसत्या बोटांनी. अडला तर काढायचा, पुसायचा, पुन्हा उलटा. पान्याला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. त्यातही इंजिनातला क्रँक, म्हणजे ज्याच्यावर सगळं इंजिन फिरतं तो दांडा, त्यांना देव्हाऱ्याच्या जागी. त्याच्या तोंडावर जो जाडजूड बोल्ट बसतो त्याच्या आधी ते भोकात हवा मारत, ब्रशनं आटे साफ करत, बोल्टला थेंबभर तेल लावत. "भोकात तेल तुंबलं तर बोल्ट बुडाला टेकायच्या आधीच ताठतो, अन् पाना खोटं बोलतो, आवळला म्हणून," असं म्हणत. त्यांच्याकडं कुणीतरी हवेवर चालणारी बोल्ट आवळायची गन आणली होती. दाजींनी ती गाडीची चाकं लावायला ठेवली आणि इंजिनाच्या आसपास फिरकू दिली नाही. "ज्याला घाई हाय त्यानं ढाब्यावर जावं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

वर्कशॉपपुरतं असतं तर कोण कशाला बोललं असतं? पण हा माणूस पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा आधी उलटं फिरवून लावायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारचा तहानेनं व्याकूळ होऊन हात पुढं करून बसलेला, आणि दाजी स्वतः पिऊन झाल्यावर डोळे मिटून झाकणाचा आटा शोधताहेत, हे मी स्वतः पाहिलंय. अक्काच्या स्वयंपाकघरात फिरकीच्या झाकणाची लोणच्याची बरणी होती, तिच्यावरून तर रोजचा तंटा. अक्का आमच्या वडिलांच्या वळणावर गेलेली, झाकण ठेवलं की दणका देऊन आवळणार. ते तिरकं बसणार, तेल गळणार, आणि दाजी कळवळून उठणार. "अगं, आटं मारलंस ना तू त्याचं!" मग ते स्वतः लावायला बसत. अक्का म्हणे, "लावा लावा. तुमचं झाकण लागंपर्यंत कैऱ्या मुरत्यात."

माझ्या लग्नातही त्यांनी तेच केलं. मुलगी लासूर स्टेशनची. आम्ही बघायला गेलो, पोहे झाले, आता आमच्याकडच्या वडीलधाऱ्यानं मुलाबद्दल चार चांगले शब्द बोलावेत म्हणून सगळे दाजींकडं बघायला लागले. दाजींनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पोरगा आळशी हाय. तापट बी हाय. सकाळी कुणाशी बोलत नाय." आमची आई पदराआड थिजली. मुलीकडचे एकमेकांची तोंडं पाहू लागले. मी तर जागीच खलास! परतीच्या वाटेवर मी त्यांना वाट्टेल ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, "मेव्हणं, आधी उलटं फिरवलं. आता जर बसलं, तर आटं न खाता बसंल." आणि बसलं की हो! आमची ही आजही म्हणते, त्या खोलीत खरं बोलणारा एकच माणूस होता, त्याच्याकडं बघून मी होकार दिला. आता यावर नवऱ्यानं काय बोलावं?

बोटं बिघडताहेत हे आधी अक्काला कळलं. स्टीलच्या पेल्यातला वाफाळता चहा, आम्ही सगळे रुमालात धरून फुंकतोय आणि दाजींनी पेला मुठीत घट्ट धरलेला. अक्कानं तो हिसकावून घेतला तर तळवा लालभडक. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, गव्हाची पोळी बंद होऊन ज्वारीची भाकरी सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, साखर आवरेल, पण बोटांची गेलेली जाण परत येईल याची खात्री नाही. दाजींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉप उघडलं. अक्का मला म्हणाली, "तू तरी सांग त्यांना." मी सांगितलं. ते म्हणाले, "इतक्या वर्साची सवय हाय मेव्हणं, बोटाला नाय कळलं तर हाताला कळंल." मला वाटलं, कळेलही. त्यांच्या हातावर आम्हा सगळ्यांचाच फार विश्वास होता.

त्या दिवशी वेरूळला प्रवासी नेणाऱ्या एका जीपचं इंजिन बांधून होत आलं होतं. मी सहज डोकावलो होतो. क्रँकच्या तोंडाचा बोल्ट तेवढा राहिला होता. तिथं दाजी कुणाला हात लावू देत नसत, त्यांचे भागीदार खानभाई इतक्या वर्षांचे सोबती, पण त्यांनाही नाही. दाजींनी हवा मारली, आटे पुसले, तेल लावलं. बोल्ट ठेवला, डोळे मिटले आणि उलटा फिरवू लागले. फिरवत राहिले, फिरवत राहिले. मग चेहरा खुलला. "बसला," म्हणाले, आणि सुलटा फिरवायला घेतला. बोल्ट आत गेला, थोडा आणखी गेला. खानभाई पुढं वाकले आणि एकदम ओरडले, "दाजी, रुको! हात कू क्या हुआ?" दाजींच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. बोल्टच्या डोक्याच्या कडेनं कातडी सोलून निघाली होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

खानभाईंनी बोल्ट हळूहळू परत काढला. त्याच्या आट्यांतून चांदीसारखा बारीक कीस खाली पडला. बोल्ट तिरका चढला होता. नुसत्या बोटांनी फिरवताना तो अडायला हवा होता, पण आपण किती जोर लावतोय तेच त्या बोटांना कळेना. ज्या माणसानं आयुष्यभर कुणाला जोर लावू दिला नाही, त्यानं नकळत सगळा जोर लावला होता. क्रँकच्या आतले आटे गेले होते. सगळं इंजिन पुन्हा सुटं करावं लागणार होतं. जीपवाला बिचारा भला माणूस, म्हणाला, "होतं असं, दाजी." दाजींनी त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "माझ्याकडं नव्हतं होत." मला तिथं उभं राहवेना. खानभाई अंगठ्याला फडकं बांधत म्हणत होते, "नक्को दिल पे लेव. मैं हूँ ना." दाजींनी भिंतीवरचा पाना काढला, ठरलेला जोर पडला की कट् करणारा तो, ज्याला ते रोज पुसून ठेवत, आणि खानभाईंच्या हातात दिला. "आजपासून क्रँक तुझा," एवढंच बोलले. हात धुतले आणि माझ्या स्कूटरवर मागं बसून घरी आले.

आता ते घरीच असतात. पेपर वाचतात, माझ्या लग्नाची गोष्ट पाहुण्यांना सांगतात, पण पूर्वीसारखं भांडत नाहीत. मला त्यांचं ते शहाणं वागणं सहन होत नाही. बाटलीचं झाकण शेजारच्याकडं लावायला देतात.

परवा जेवायला गेलो होतो. अक्कानं लोणचं वाढलं आणि बरणीचं झाकण हातात घेतलं. मी दणक्याची वाट पाहत होतो. तिनं झाकण बरणीवर ठेवलं आणि सावकाश उलटं फिरवलं. टक् झालं. दाजींचा घास हातातच राहिला. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, विचारलं, "लागलं बोटाला?"

"व्हय," अक्का म्हणाली, "लागलं."

"मला ऐकू नाय आलं."

अक्कानं झाकण काढलं, दाजींच्या जवळ सरकून बसली, आणि पुन्हा पहिल्यापासून उलटं फिरवायला लागली.