टॉवेल-टोपीची मानकरी

भिकुबाईच्या सायकलीला घंटी होती, पण वाजवायची वेळ कधी आली नाही. तिचा आवाजच सायकलीच्या पुढे धावायचा.

"लुगडी घ्या, खण घ्या, जावयाला धोतर घ्या! जावई रुसला तर धोतर बदलून मिळेल, जावई बदलून मिळणार नाही!"

चाळीसगावच्या आसपासच्या खेड्यांत ही हाक आली की बायका हातातला घास ताटात ठेवून ओट्यावर यायच्या. काळी, दांडीची, पुरुषी सायकल. मागचं कॅरिअर लोहाराकडून वाढवून घेतलेलं. त्यावर माणसाच्या वजनाचं कापडाचं गाठोडं. आणि वर नऊवारीचा काष्टा मारलेली, उन्हानं रापलेली भिकुबाई. कोणी हसलं तर ती म्हणायची, "काष्टा मारला की दांडीवरून पाय टाकायला काय अडतं? पाचवारीवाल्यांनी खुशाल यस्टीत बसावं."

सायकल तिच्या वडिलांची. पितांबर कापडवाल्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी गाठोड्यासकट ती थोरल्या लेकीच्या हाती दिली. मुलगा नव्हता. दोन मुलीच. भिकुबाईला गावातच दिलेली, माहेरापासून चार घरं पलीकडे. धाकटी सुमन मात्र लांब पडली. कन्नडचा घाट चढून वर गेलं की लगेच डाव्या हाताला तिचं सासर.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर पितांबर गेले आणि पुढच्या वैशाखात आखाजी आली. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. झाडाझाडाला झोके, आमरस, गाणी. पण लेक अशी उठून माहेरी येत नाही. तिला न्यायला बाप किंवा भाऊ जावा लागतो. तो मुराळी. मुराळी आला नाही तर सासरचे पाठवत नाहीत. आणि बाप गेल्यावरच्या पहिल्याच आखाजीला मुराळी चुकला, तर त्या लेकीचं माहेर बुडालं असंच दोन्हीकडची माणसं धरून चालतात. मग पुढं कोणी विचारतही नाही.

चुलतभाऊ अभिमन जाणार होता. दोन दिवस आधी तो डोकं खाजवत दारात उभा राहिला.

"काकू, मन्ही सख्खी बहीन शिंदखेडाले शे. पहिले तिले आनाले जास. मंग दखू."

"मंग म्हणजे कधी, रे?" भिकुबाईच्या आईनं, पार्वताबाईंनी, विचारलं. "आखाजी व्हई जावावर?"

अभिमन चप्पल शोधायला लागला. चप्पल पायातच होती.

तो गेल्यावर म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. भिकुबाई तेव्हा दाराशी बसून सायकलीच्या साखळीला तेल घालत होती.

"रडू नको वं माय. मी जास."

"तू? बाई मुराळी? लोके काय म्हनतीन?"

"लोके मन्हाकडथून उधार लुगडं लेतस. काय म्हनतीन?"

भिकुबाईचा नवरा, पंडित, ओट्यावरून हसत म्हणाला, "जाऊ द्या मामी. हिला अडवून मी आजवर एकदाही जिंकलो नाही."

आखाजीच्या आदल्या दिवशी यस्ट्या चाळीसगावातच भरून निघायच्या, मधल्या फाट्यांवर थांबायच्या नाहीत. ते भिकुबाईला बरंच वाटलं. झुंजूमुंजू व्हायला तिनं गाठोडं उतरवलं, सांजोऱ्यांचा डबा बांधला आणि टांग मारली.

सपाटीवर ती वाऱ्यासारखी गेली. घाट सुरू झाला तशी सीटवरून उठून, सगळं अंग पायडलवर टाकत वर वर निघाली. फार चढ आला की उतरून ढकलायची. घाटात सायकल ढकलण्यात तिला कसलीच लाज वाटत नसे. लाज सायकल सोडून देण्यात. खाली तापलेलं रान धुरकट दिसत होतं. वरून येणारे ट्रकवाले हॉर्न मारत होते. एकानं डोकं बाहेर काढून विचारलं, "मावशी, कुठे?"

"बहिणीला आणायला!"

"सायकलवर?"

"मग काय, तुझ्या डोक्यावर?"

दुपारच्या आत ती सुमनच्या दारात होती. सुमन पडवीतून धावत आली आणि उंबऱ्याशी थबकली. सासऱ्यांनी होकार दिल्याशिवाय सुनेनं मुराळ्याशी बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत. सासरे तोताराम आबा खाटेवर बसले होते. जवान असताना कुस्त्या मारलेले, अजूनही खाट भरून उरणारे.

"या. पाणी द्या पाव्हणीला," ते म्हणाले. मग रस्त्याकडे मान वळवली. "मुराळी मागून येतोय का?"

"मीच मुराळी, आबा."

गल्लीतली चार माणसं जमलीच होती. एक जण खाकरला. दुसरा म्हणाला, "आबा, आता मुराळ्याची ओटी भरा!" हशा झाला. भिकुबाईही हसली, सगळ्यांत मोठ्यानं.

आबा हसले नाहीत. "हे बघ पोरी, चेष्टा राहू दे. तुम्हाला भाऊ नाही, मला कळतं. बाई आली म्हणूनही माझं अडत नाही. पण सून आमची. तिला तू त्या कॅरिअरवर बसवून घाट उतरवणार. एवढा उतार, एवढी वळणं. सायकल हातची सुटली तर मी तिच्या आईला काय सांगू?"

बोलणं खरं होतं. भिकुबाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"माझ्या गाठोड्याचं वजन सुमनपेक्षा जास्त आहे. रोज वाहते."

"गाठोडं ओरडत नाही, हलत नाही."

"मग ओरडणारं, हलणारं काहीतरी बसवून बघा."

"कोण बसणार?"

भिकुबाईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. सासूबाई सुंदरबाई दारामागून म्हणाल्या, "अगं बाई, यांना नको गं! म्हशीला सायकलवर बसवशील एक वेळ…"

झालं. आबा उठले. धोतर खोचलं, पागोटं घट्ट केलं.

घाटमाथ्यावर भिकुबाईनं रस्त्याकडेची निरगुडीची एक दांडगी, पालेदार फांदी कोयत्यानं तोडली आणि सुंभानं कॅरिअरच्या मागे बांधली. फांदी रस्त्यावर घासत येते, सायकल वेग घेत नाही, ब्रेकवर भार येत नाही. बापाची युक्ती.

"आबा, समाधान झालं की 'बस' म्हणा. मी थांबते."

"तुला भीती वाटली की तू सांग. मी उतरतो."

दोघंही निघाली. मागं फांदी खरखरत होती, धूळ उडत होती. पहिलं वळण आलं. आबांनी सीटची स्प्रिंग घट्ट धरली. भिकुबाईनं मनात म्हटलं, आता म्हणतील. आबांनी मनात म्हटलं, आता थांबेल. कोणीच काही बोललं नाही. दुसरं वळण गेलं.

"ठीक आहे ना, आबा?"

"मला काय झालंय? तू पुढे बघ!"

समोरून यस्टी आली. ड्रायव्हरनं हे दृश्य पाहून गाडीच उभी केली. खिडक्यांतून माणसं ओरडायला लागली. "आबा, कुठे निघाले? माहेरी का?" आबांनी त्यांना एक सणसणीत शिवी दिली, पण 'बस' म्हटलं नाही. भिकुबाई एका पायानं जमीन चाचपत, ब्रेक हलकेच दाबत, सोडत, वळणांमागून वळणं उतरत राहिली. खोल दरीकडच्या बाजूला आबांनी डोळे मिटले होते, हे तिला नंतर दुसऱ्या कोणीतरी सांगितलं.

सायकल थांबली तेव्हा ती पायथ्याच्या चहाच्या टपरीपुढं उभी होती. उतारच संपला होता.

आबा खाली उतरले. मागं वळून त्यांनी तो अख्खा घाट वरपर्यंत पाहिला. मग भिकुबाईकडे.

"तू थांबली का नाहीस?"

"तुम्ही 'बस' म्हणाला नाहीत."

"अगं, सून वर राहिली ना आपली!"

टपरीवाला चहाची गाळणी हातात धरून पोट दुखेस्तोवर हसला. औरंगाबादकडे निघालेला केळीचा ट्रक तिथं उभा होता. मागं घडांनी गच्च, केबिनमध्ये एकाचीच जागा. आबांनी पाय पायरीवर ठेवला आणि थबकले.

"तू कशी येशील?"

"आले तशी."

"ऊन बघितलंस?"

"आबा, ऊन मला सकाळीच भेटलंय. तुम्ही व्हा पुढे."

ट्रक गेला. भिकुबाईनं फांदी सोडून टपरीमागं टाकली, डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतून घेतला आणि दुसऱ्यांदा घाटाला लागली. या वेळी पायडल कमी, ढकलणं जास्त. मांड्या पेटल्या होत्या. एका वळणावर तिनं सायकल कठड्याला टेकवली आणि मोठ्यानं हाक घातली, "लुगडी घ्या, खण घ्या!" दरीनं हाक परत पाठवली. "गिऱ्हाईक नाही वाटतं," असं म्हणून ती पुढं निघाली. दिवस कलायच्या आत सुमनला खाली नेलं नाही तर अंधारात घाट उतरता येणार नव्हता, आणि उद्याची आखाजी सुमनला इथंच करावी लागली असती. एवढं एकच गणित तिच्या डोक्यात होतं.

घाटमाथ्याचं शेवटचं वळण घेतलं तर रस्त्याच्या कडेला माणसं उभी. आबा, सुंदरबाई, अर्धी गल्ली. आणि पुढं सुमन, हिरवं पातळ नेसून, हातात पिशवी घेऊन. सुनेला निरोप द्यायला सासरा कधी रस्त्यापर्यंत येत नसतो. आबा आले होते.

"मुराळ्यानं उशीर केला," आबा म्हणाले.

"ओझं जड होतं, आबा. खाली टाकून यायला वेळ लागला."

या वेळी आबाच पहिले हसले. सुंदरबाईंनी खण-नारळ पुढं केला. आबांनी त्यांचा हात अडवला.

"खण-नारळ पाव्हणीला. ही आमच्या सुनेचा मुराळी. मुराळ्याचा मान काढा."

"अहो, बाईला टॉवेल-टोपी?"

"घाट दोनदा चढून आलाय तो मुराळी. एकदा मला घेऊन उतरलाय. काढा म्हणतो ना!"

सुंदरबाईंनी पदराआडून नवा टॉवेल आणि पांढरी टोपी काढली. आणलेली होतीच, नुसतं विचारून बघत होत्या. भिकुबाईनं टॉवेल खांद्यावर टाकला, पदर नीट केला आणि त्यावर टोपी चढवली. थोडी तिरकी.

"आता बोलू का हिच्याशी?" सुमननं विचारलं.

"सकाळपासून नजरेनं बोलतेच आहेस की," आबा म्हणाले. "जा."

नवी फांदी आबांनी स्वतः तोडून बांधली. सुमन कॅरिअरवर बसली, बहिणीच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून. थोडं उतरल्यावर तिनं विचारलं, "अक्का, दमलीस?"

"घरी गेल्यावर दमेन. तू नीट बस."

दिवे लागायच्या सुमारास दोघी गावाच्या फाट्यावर आल्या. लिंबाच्या झोक्यावर पोरी गात होत्या. सायकलीवरची टोपी पाहून, कोण आला ते विचारत, एक पोर झोक्यावरून ओरडली, "कोन उना वं?"

पार्वताबाई दारातच होत्या. नजर अधू, पण कॅरिअरवरची हिरवी सावली त्यांनी ओळखली. तिथूनच त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

"मन्ही सुमन उनी! तिना मुराळी तिले घी उना!"