लाल सुताचं नाव कुठं लिहायचं

हेमावतीला सगळे हट्टी म्हणायचे, आणि होतीच ती हट्टी! गिरणीत मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता तिनं गणितात बी.एस्सी. केलं. म्हणून शहात्तर साली तिला कांडी खात्यातून उचलून गिरणीचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या शिवलिंगप्पांच्या हाताखाली बसवलं. चादरीच्या कुठल्या नमुन्याला कुठल्या रंगाचं किती सूत लागेल, एवढंच त्या प्रोग्रॅमनं सांगायचं. कागद सोलापुरात लिहायचे आणि एस.टी.नं पुण्याला धाडायचे, कारण कॉम्प्युटर तिकडं.

दोनदा उत्तर आलं आणि दोन्ही वेळा त्यात लाल सूत लागतं त्यापेक्षा कमी भरलं. मॅनेजर साफ म्हणाले, "तिसऱ्यांदा चुकलं तर हा उद्योग बंद. बाईंनी परत कांडी खात्यात जायचं." एवढं शिकून पुन्हा कांड्या? छे! मरून गेले तरी जायची नाही, असं हेमावतीनं ठरवून टाकलं.

पण चूक सापडेल तर शपथ! शिवलिंगप्पांची शिस्त अशी, की प्रोग्रॅममध्ये सुतांना आणि वजनांना दिलेली चाळीसच्या चाळीस नावं पहिल्या पानावर मांडायची. नवव्या पानावर नुसतं R4 दिसलं की आठ पानं मागं जाऊन ते कोण ते बघायचं. परत येईस्तोवर गणित डोक्यातून गेलेलं.

"सर, मी सगळं नव्यानं लिहिते," ती म्हणाली. "जे नाव जिथं लागतं तिथंच आणायचं, आणि त्याच्या डोक्यावर एक ओळ, हे काय आहे म्हणून. मशीनला दोन्ही चालतं."

"अगं, लग्नात आधी पाहुण्यांची यादी करतात की नाही?"

"करतात की. पण पंगतीत वाढणाऱ्याला यादी काय कामाची? त्याला समोर कोण बसलंय ते दिसायला पाहिजे."

"वीस वर्षं नोकरी केली मी! तू मला शिकवणार?" शिवलिंगप्पा तडकले.

"शिकवत नाही सर. लिहिते."

चार दिवस मान मोडून तिनं लिहिलं. नावांच्या डोक्यावरच्या ओळी इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत: इथून काठाचं लाल सूत. मग सुताची वजनं तपासायला कागद घेऊन ती रंगखात्यात रेवणप्पांकडं गेली. रंगाच्या डब्यांवरची नावं वाचून वाचून त्यांना इंग्रजी अक्षरं लागायची. ओळीवर बोट ठेवत ते वाचत गेले आणि एका जागी थांबले.

"बाई, हितं काठ एकदाच धरलाय."

"मग?"

"चादरीला काठ दोन असत्यात की वो!"

हेमावतीनं कपाळावर हात मारला. सोलापुरात जन्मलेली, चादरीतच वाढलेली ती आणि शिवलिंगप्पा, दोन शहाणी माणसं, आणि काठ मोजला एक! तिला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. तिथंच उभ्यानं तिनं दोननं गुणलं.

आठवड्यानं पुण्याहून उत्तर आलं. लाल सूत मागावर लागलेल्या सुताशी किलोला किलो जुळलं.

"चूक कुणी धरली?" मॅनेजरनी विचारलं.

"रंगखात्यातल्या रेवणप्पानं," शिवलिंगप्पा म्हणाले.

"त्याला कुठं प्रोग्रॅम वाचता येतो?"

शिवलिंगप्पांनी हेमावतीकडं पाहिलं.

"हिनं लिहिलेला येतो, साहेब. माझा मलासुद्धा येत नव्हता."

"मग बाई इथंच बसतील," मॅनेजर म्हणाले.