अकरा महिन्यांचा नेम

बीदरजवळच्या नौबादमधल्या आमच्या गल्लीत सुगंधाबाईंचं घर माझ्या दारासमोरच. लाल दगडाच्या भिंती, वर पत्रे, पुढं शहाबादी फरशीचं अंगण आणि एका कडेला भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या. मी मशीनवर बसून ब्लाउज शिवायची आणि मान वर केली की त्या दिसायच्या. त्यांच्याएवढी भ्यालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

मूळच्या त्या मेहकरच्या, भालकी तालुक्यातल्या. सासरा मेंढरं राखायचा. मालक उमाजी बीदरला एका गोदामावर वॉचमन होते. त्यांनी पगारातून थोडा थोडा दगड आणून हे घर बांधलं आणि घराला चुना लागायच्या आधीच, शहाण्णव साली, काविळीनं गेले. जायच्या आधी बायकोला एकच सांगून गेले. "खोल्या भाड्यानं दे. पर बारा वर्सं कुणाला ठिवू नको. बारा वर्सं झाली की घर राहणाऱ्याचं व्हतंय." त्यांच्या मामाचं भालकीतलं घर असंच गेलं होतं म्हणे. कायद्याचं मला कळत नाही. सुगंधाबाईंनाही कळत नव्हतं. पण मरताना नवऱ्यानं सांगितलेलं बाईच्या काळजात कसं बसतं, ते मला कळतं.

सत्त्याण्णवच्या दसऱ्याला गुरुशांतप्पा आणि गंगव्वा राहायला आले. चिंचोळीकडची कानडी माणसं. तो लाकडाच्या अड्ड्यावर कामाला जायचा, ती ज्वारीच्या कडक भाकरी थापून खानावळींना द्यायची. सुगंधाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "भितीत खिळा मारायचा न्हाई. आन् चूल जमिनीत लिंपायची न्हाई."

"मग भाकरी कुठं करू, अक्का?"

"ते तुमचं तुमी बगा. जमिनीत नको."

गंगव्वानं एक फुटकं घमेलं आणलं आणि त्यात माती घालून चूल लिंपली. दोघांनी दोन बाजूंनी धरली की उचलायची. बारा वर्षं तिनं त्या घमेल्यातल्या चुलीवर भाकरी केल्या.

मग कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका कागद लिहिणाऱ्यानं सुगंधाबाईंना सांगितलं, की भाडं अकरा महिन्यांचं ठेवा, मग घर खाली करून घ्या, आणि पाहिजे तर परत द्या. पण दर अकरा महिन्यांनी नवीन माणूस शोधायचा म्हणजे दर वेळी नवीन भीती. तो पिणारा असला तर? घर बंद करून पळाला तर? हे दोघं तरी ओळखीचे झाले होते. म्हणून अकरा महिने भरायच्या आदल्या दिवशी त्या गंगव्वाला म्हणाल्या, "उद्या एक दिवस खोल्या रिकाम्या करा. परवा सकाळी परत भरा."

"कामून, अक्का?"

"आमच्या मैलार मल्लण्णाचा नेम हाय. अकरा महिन्याला घर एक दिवस मोकळं सोडावं लागतंय."

एवढं बोलून त्या तशाच माझ्याकडे आल्या. "विजू, म्या देवाच्या नावानं खोटं बोल्ले गं."

"मग खरं सांगा की काकू."

"खरं काय सांगू? तुमी घर बळकावताल म्हनून भ्या वाटायलंय, असं सांगू?"

खानापूरचा मैलार मल्लण्णा त्यांचं कुलदैवत. सासऱ्याच्या घोंगडीच्या तुकड्यावर देव मांडलेला, रोज भंडारा वाहिल्याशिवाय त्या पाण्याला तोंड लावत नसत. तशा बाईनं देवाच्या अंगावर खोटं घातलं होतं.

तेव्हापासून दर अकरा महिन्यांनी आम्ही गल्लीतले लोक तो प्रकार बघायचो. आधी वीरभद्राचा फोटो बाहेर यायचा, मग घमेल्यातली चूल, मग गाठोडी, पिंपं, पाटावरवंटा. ओसरीवर सगळं रचलं की सुगंधाबाई रिकाम्या खोल्यांना आपलं कुलूप लावायच्या आणि किल्ली देवापुढं ठेवायच्या. त्या दिवशी गंगव्वाच्या भाकरी बुडायच्या. म्हणून असेल, किंवा मनाला खात असेल म्हणून, सुगंधाबाई दोघांना पुरणाचं जेवू घालायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप निघायचं, गंगव्वा नव्या घरात गेल्यासारखं दूध उतू घालायची आणि राहायला लागायची. कॅलेंडरवर त्या तारखेला हळदीचं बोट लागायचं. जुनी कॅलेंडरं ट्रंकेत.

"ही कशाला ठेवता, काकू?"

"कोर्टात दाखवाया."

एवढं करून भीती गेली म्हणाल तर नाही. गुरुशांतप्पानं मोरीजवळ पपई लावली तर यांना वाटलं, झाड लावलं म्हणजे मूळ धरलं. एकदा तो रेशनकार्डाचा फॉर्म घेऊन आला, पत्त्यासाठी घरमालकाची सही पाहिजे म्हणाला. यांनी हात थरथरतोय, चष्मा फुटलाय असं सांगत महिनाभर टाळलं. शेवटी बिचाऱ्यानं गावाकडचंच कार्ड ठेवलं. एकदा पोस्टमननं पत्र आणलं, वर गुरुशांतप्पाचं नाव आणि खाली या घराचा पत्ता. ते पाकीट हातात धरून सुगंधाबाई उन्हात किती वेळ उभ्या होत्या.

दोन हजार सहा साली सून बाळंत झाली आणि मुलगा मल्लिकार्जुन त्यांना पुण्याला घेऊन गेला. तो तिकडं चाकणला कंपनीत लागला होता. नातवाच्या नादात तीन महिने गेले. परत आल्या, कॅलेंडर उलटलं, आणि माझ्या दारात येऊन मटकन बसल्या.

"विजू, नेम चुकला. वीस दिवस झाले."

"मग आज करा रिकामं."

"आता कसं म्हणू? देवाचा नेम कुनी इसरतंय का? त्यास्नी कळंल की, ह्यो देवाचा न्हाई, हिचा हाय."

पुढच्या खेपेपासून नेम परत सुरू झाला. पण त्यांच्या लेखी धागा तुटला होता तो तुटलाच. ट्रंकेतल्या सहाच्या कॅलेंडरावर त्या खेपेची हळद नव्हती.

दोन हजार नऊच्या श्रावणात मल्लिकार्जुनचा फोन आला. घर विक, इकडं ये. मग दलाल यायला लागले. कुणी म्हणे दार दक्षिणेला आहे, कुणी म्हणे घराचं खातं अजून उमाजीच्या नावावर कसं. वारसाच्या कागदांसाठी म्हातारीनं चार महिने ऑफिसच्या पायऱ्या झिजवलेल्या होत्या, ते आता कामाला आलं. शेवटी जगदेवप्पा नावाच्या अडत व्यापाऱ्यानं घर धरलं. टेप लावून अंगण मोजलं, पत्र्यावर काठी वाजवून बघितली, आणि खोल्यांपुढं थांबला.

"ह्ये कोन?"

"भाडेकरू."

"किती वर्सं झाली?"

सुगंधाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हणाले, "दसऱ्याला बारा होतील."

"बारा!" जगदेवप्पानं टेप गुंडाळली. "बाई, रजिस्ट्रीच्या आधी खोल्या रिकाम्या पायजेत. आन् आपला हक्क न्हाई म्हनून त्याची सही. न्हाईतर म्या घर घेनार न्हाई, दुसरा कुनी बी घेनार न्हाई."

तो गेला. सुगंधाबाईंनी माझा हात धरला. "तू चल संगं."

संध्याकाळी गुरुशांतप्पा अड्ड्यावरून आला तेव्हा आम्ही गेलो. भुसा अजून केसांत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, बायकोशी कानडीत दोन शब्द बोलला आणि म्हणाला, "दोन दिवस द्या, अक्का. मग सांगतो."

होही नाही, नाहीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोल्यांना कुलूप. पितळेचं, मोठं, त्यांचं स्वतःचं. माणसं कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. दोन दिवस गेले, तिसरा उजाडला. सुगंधाबाई ओसरीवर बसून त्या कुलपाकडे बघत राहायच्या. जेवण सुटलं. गल्लीत कुणी म्हणालं, गुलबर्ग्याला वकिलाकडं गेलेत. कुणी म्हणालं, बारा वर्षं भरेस्तोवर येतच नाहीत आता. जगदेवप्पा येऊन कुलूप हलवून गेला.

"बाई, कुलूप कुनाचं हाय?"

"त्यांचं."

"मग घर तुमचं हाय म्हनून कुनाला सांगायलात?"

मल्लिकार्जुन फोनवर ओरडला, "तोड ते कुलूप, आई! कशाला भेतीस?"

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बघते तर त्या हातात पाटावरवंट्यातला वरवंटा घेऊन कुलपापुढं उभ्या. मी मशीन सोडून धावले.

"काकू, काय करताय?"

"आत वीरभद्र हाय गं," त्या म्हणाल्या. "तीन दिस झाले, दिवा न्हाई. त्यांचा देव आत हाय आन् म्या कुलूप फोडाया आले. आधीच एका देवाला खोटं पाडलंय." वरवंटा त्यांच्या हातून फरशीवर पडला आणि एक टवका उडाला. मग त्यांना हसावं की रडावं कळेना. "माझ्याच घरात, माझ्याच हातानं."

चौथ्या दिवशी, सोमवारी, दुपारी दोघं आले. कपाळभर पिवळा भंडारा, हातात नारळाची पिशवी. गंगव्वानं कुलूप काढलं, आधी फोटोपुढं दिवा लावला आणि मग आमच्याकडे आली.

"कुठं गेलतात गं?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"गावाला गेलो, अक्का. भावाच्या घरी राहाया जागा बघितली. मग काल रविवार होता, म्हणून खानापूरला गेलो. तुमच्या मल्लय्याला सांगून आलो."

"मल्लय्याला? काय सांगून?"

"आता नेम सुटायलाय, असं सांगितलो. बारा वर्सं केलो की. न सांगता सोडलं तर बरं न्हाई." तिनं पुडीतला भंडारा पुढं केला. "घ्या."

सुगंधाबाईंनी हात मागं घेतला. मी त्यांच्याकडे बघत होते. एवढ्या भेदरलेल्या त्या जगदेवप्पापुढंही नव्हत्या.

"गंगव्वा, त्यो नेम देवाचा न्हवता गं. तुमी घर घेताल म्हनून भ्याले. म्या खोटं बोल्ले."

गंगव्वा गुरुशांतप्पाकडे बघून हसली. "ठाऊक हाय की."

"काय?"

"तिसऱ्या वर्साला किराणावाला हावगेप्पा सांगितला. तुमची घरमालकीण लई हुशार हाय, म्हणाला. ह्ये लई तापले. घर सोडू म्हणले."

गुरुशांतप्पा खाली बघून म्हणाला, "तापलो होतो. खोटं कशाला बोलू."

"मी म्हणलो," गंगव्वा म्हणाली, "तुमी खोटं बोलला असाल. पर मल्लय्याचं नाव तर खरंच घेतला न्हवं? आमी हो म्हणलो. आता कसं मोडायचं?"

"आन् सहाच्या साली?" सुगंधाबाई पुटपुटल्या. "म्या पुन्याला होते तवा?"

"केलो की. कुलूप मात्र आमचंच लावलो. तुमी नव्हता."

तेव्हा मला आठवलं. त्या वर्षी मी मान वर केली तेव्हा ओसरीवर घमेलं होतं आणि त्याच्या शेजारी गंगव्वा मांडी घालून बसली होती. मला वाटलं होतं, काकूंनी फोन करून सांगितलं असेल.

गुरुशांतप्पानं त्याच दिवशी कागदावर सही केली. रेशनकार्डाचं एक अक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी छोटा टेम्पो आला आणि तासाभरात बारा वर्षांचा संसार त्यात बसला. आधी काय उचलायचं, चूल कशी धरायची, पाटावरवंटा कुठं ठेवायचा, सगळं त्यांच्या हातांना माहीत. भिंतीत एक खिळा नव्हता. निघताना गंगव्वानं पपईची तीन फळं सुगंधाबाईंच्या ओटीत घातली आणि पाया पडली. यांनी तिला उठवलं.

रजिस्ट्री झाली. सुगंधाबाई पुण्याला गेल्या.

पुढच्या वर्षी मी लेकीच्या कामासाठी पुण्याला गेले तेव्हा त्यांच्याकडे उतरले. नवं घर अजून बांधायचंच होतं, म्हणून मल्लिकार्जुन तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होता. सकाळी तो कंपनीत जायला निघाला होता. बघतो तर काय, गॅसची शेगडी गॅलरीत, तिच्याशेजारी घोंगडीवरचे देव, आणि सुगंधाबाई धापा टाकत सिलेंडर ओढायला लागल्या होत्या.

"आई! काय करायलीस?"

"आज अकरा महिने झाले."

"अगं, भाड्याचा तो कागद आहे नुसता! मालकानं कालच परत सही केली. कुणी घर खाली कर म्हणलेलं नाही."

"ठाऊक हाय मला."

"मग?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत तीच जुनी भीती होती, मला ओळखीची. पण हात थांबले नव्हते.

"नेम हाय आमचा," त्या म्हणाल्या. "विजू, तिकडून धर जरा."

मी उठले आणि सिलेंडरची दुसरी बाजू धरली.