काढलेल्या तेलाचा थेंब

सुईताईंचा हात इतका हलका, की सुई टोचून झाल्यावरही माणसं डोळे मिटून विचारत, "कधी टोचणार?" एकतीस वर्षं त्यांनी लोकांचं रक्त काढलं, काचेच्या पट्टीवर पसरलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आतलं बाहेर आलं की आधी ते नीट बघायचं आणि मग तोंड उघडायचं, ही सवय निवृत्त होऊन सहा महिने झाले तरी सुटत नव्हती.

एकदा गाडीची सर्व्हिसिंग करून घ्यायला त्या गाडी-विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये गेल्या. काचेपलीकडे गाडी वर चढली, खाली उतरली. काउंटरवरच्या माणसाने कागद पुढे सरकवला. "इंजिन ऑइल बदललंय, मॅडम."

"काढलेलं तेल बघायला मिळेल?"

"कशाला?"

"बघायचंय."

"ते टाकीत गेलं. आणि आत कस्टमरला सोडत नाहीत."

सुईताई घरी आल्या आणि बिल टेबलावर टाकून बसल्या. यजमानांनी विचारलं, "बिल जास्त लावलं का?"

"बिलाचं नाही हो. दहा वर्षं ते तेल बदलताहेत आणि मी एकदाही पाहिलेलं नाही. कसं दिसतं, घट्ट असतं की पातळ? पुढच्या वेळी मी घरीच बदलणार."

यजमान भूगोलाचे मास्तर. नकाशावर सगळं जग पालथं घातलेले, पण बोनेट उघडायची कळ कुठे असते ते त्यांना अजून सापडायचं होतं. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" एवढंच म्हणून त्यांनी वर्तमानपत्र वर धरलं.

पुढची वेळ येईपर्यंत सुईताईंनी गाडीचं माहितीपुस्तक दोनदा वाचलं. त्याआधी दहा वर्षांत ते प्लास्टिकच्या पिशवीतूनही निघालं नव्हतं. सुट्या भागांच्या दुकानात त्यांनी तेलाचा डबा आणि फिल्टर मागितला. दुकानदाराने आपणहून तांब्याची एक बारीक चकती त्यावर ठेवली.

"ही कशाला?"

"तेल सोडायच्या बोल्टखालचा वॉशर, ताई. बोल्ट आवळला की हा दबून फट बुजवतो. एकदा दबलेला पुन्हा तसा दबत नाही, मग तेल पाझरतं. आणि काढलेलं तेल गटारात ओतू नका, इथे आणून द्या."

रविवारी सकाळी त्यांनी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं, म्हणजे तेल कोमट होऊन सरळ वाहील. खाली शिरता यावं म्हणून गाडीची पुढची चाकं दोन लोखंडी रॅम्पवर, म्हणजे उतरत्या घोड्यांवर, चढवली आणि इंजिन बंद करून हँडब्रेक ओढला. मास्तरांनी मागच्या चाकांना विटा लावल्या आणि त्या जागच्या हलत नाहीत ना हे तीनदा पाहिलं. सुईताई जुन्या सतरंजीवर उताण्या झाल्या आणि सरकत गाडीखाली गेल्या.

बोल्ट काही हलेना.

"अहो, उताणं पडल्यावर डावीकडे म्हणजे कुठे?"

मास्तर खाली वाकले. दिशा म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. "बाटली उलटी धरून झाकण काढतेयस असं समज."

त्यांनी पान्याच्या दांड्याला पाइपचा तुकडा अडकवून दिला. जोर लावताच बोल्ट कुरकुरला, सैल झाला आणि सुईताईंच्या बोटांतून निसटून खाली ठेवलेल्या घमेल्यात पडला. मागोमाग तेलाची धार. मनगटापर्यंत हातमोजा काळा झाला, पण त्यांची नजर धारेवरून हटली नाही. आधी करंगळीएवढी जाड, मग दोऱ्यासारखी, मग थेंब थेंब.

"काळं आहे, पण उजेडात धरलं की तपकिरी दिसतं," त्या खालूनच म्हणाल्या.

"निघ आता बाहेर," मास्तर म्हणाले, पण तेही घमेल्यात डोकावत होते.

नवा वॉशर घालून बोल्ट बसला. फिल्टर मात्र हाताला दाद देईना. शेवटी त्याला पॉलिश पेपर गुंडाळून पिळला, तेव्हा कुठे सुटला. नवा फिल्टर हातात घ्यायच्या आधी, सवयीप्रमाणे, त्यांनी जुना उजेडात नेऊन न्याहाळला. काठाला गोल खाच होती. खाच रिकामी होती. नव्या फिल्टरच्या त्याच खाचेत रबराची कडी होती.

"मग याची कडी गेली कुठे?"

घमेल्यात नव्हती, सतरंजीवर नव्हती. त्या टॉर्च घेऊन पुन्हा खाली गेल्या. कडी वर इंजिनलाच चिकटून बसली होती, तेलाने माखून इतकी काळी, की लोखंडाचाच भाग वाटावी. हातमोजा उतरवून त्यांनी ती नखाने सोडवून काढली.

"तशीच राहिली असती तर?" मास्तरांनी विचारलं.

"एका कडीवर दुसरी बसली असती. मग फिल्टर नीट टेकला नसता आणि इंजिन सुरू होताच सगळं तेल फटीतून बाहेर."

मास्तरांनी नव्या तेलाचा डबा उघडला. मग त्यांनी स्वतःहून बोट बुडवून नव्या कडीला ताजं तेल लावून दिलं, म्हणजे ती नीट टेकेल.

नवा फिल्टर बसवला, नवं तेल ओतलं. इंजिन सुरू केलं. दोघंही ओणवी होऊन बघत राहिली. खाली एक टिपूस पडला नाही. इंजिन बंद करून, थोडं थांबून तेल मोजायची पट्टी काढली. दोन खुणांच्या मधोमध, मधासारखं तेल.

काम झालं होतं, पण सुईताईंनी जुन्या तेलाचा एक थेंब टीपकागदावर सोडला आणि कागद खिडकीत ठेवला. दुपारपर्यंत तो पसरला. मध्ये काळा ठिपका, भोवती तपकिरी वर्तुळ, कडेला फिकट पिवळी झालर.

"बेटच दिसतंय," मास्तर म्हणाले. "काय म्हणतंय हे?"

"अजून कळत नाही. एकाच थेंबावरून काय सांगणार? तुलनेला दुसरा हवा."

संध्याकाळी त्यांनी मास्तरांना बरोबर घेऊन समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांची बेल वाजवली.

"डॉक्टर, तुमच्या गाडीच्या तेलाचा एक थेंब देता का?"

डॉक्टरांनी आधी त्यांच्याकडे, मग हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि ते किल्ली घेऊन खाली उतरले. तेल मोजायच्या पट्टीवरून घेतलेला त्यांचा थेंब बराच वेळ थांबूनही पसरलाच नाही. काळ्या गुंडीसारखा जागच्या जागी बसला.

"कधी बदललंय तेल?" सुईताईंनी विचारलं.

डॉक्टर मान खाजवत आठवू लागले. मास्तर तोवर विटा आणायला निघाले होते.